दहा-दहाच्या रेघा

भरतकामाच्या दोन रीती आहेत. एकीत नक्षी आधी कापडावर उतरते. साडी किंवा उशीचा अभ्रा छापणाऱ्याकडे द्यायचा, तो सुईनं टोचलेला कागद कापडावर पसरतो, रॉकेलमध्ये कालवलेल्या निळीचा बोळा त्यावरून फिरवतो, आणि कागद उचलला की फुलं, वेली, मोर ठिपक्यांनी उमटलेले दिसतात. पुढचं सगळं काम त्या रेघेच्या आधारानं चालतं. दुसऱ्या रीतीत टाका पडेपर्यंत कापड कोरंच असतं. नक्षी कागदावर, चौकटीचौकटींत मांडलेली असते आणि भरणारी बाई कागदावरून कापडावर, कापडावरून कागदावर नजर फिरवत घरं मोजत जाते. क्रॉस स्टिच, आपल्याकडचा फुलीचा टाका, या दुसऱ्या रीतीतला.

पहिली फुली पडण्याआधी त्या कोऱ्या कापडावर दर दहा घरांवर ज्या रेघा आखायच्या, त्यांच्याविषयी हे पुस्तक आहे. शिकवणाऱ्यांच्या आणि शिकणाऱ्यांच्या बोलण्यात त्याला ‘ग्रिड’ म्हणतात. विषय एवढासाच आहे, पण माझ्याकडे शिकायला येणाऱ्या बायका आणि हल्ली काही पुरुषही जी अर्धवट राहिलेली कामं घेऊन येतात, ती पाहताना मला पुन्हा पुन्हा एकच गोष्ट दिसते. टाके सुबक असतात, रंग नीट निवडलेले असतात, हौस तर असतेच. काम थांबलेलं असतं ते मोजणी कुठेतरी सरकल्यामुळे. कुठे सरकली ते सापडत नाही, म्हणून काम गुंडाळून पिशवीत जातं.

ही चूक सापडत का नाही, हे आधी समजून घ्यायला हवं. फुलीचा टाका स्वतःपुरता पूर्ण असतो. दोन तिरके टाके एकमेकांवर पडले की फुली झाली. ती बरोबर घरात पडली की शेजारच्या, हे ती फुली सांगत नाही. एका ओळीत तेवीस फुल्यांऐवजी चोवीस पडल्या तर कापड तक्रार करत नाही, धागा अडत नाही, दिसायलाही काही वाईट दिसत नाही. पुढची ओळ या ओळीच्या आधारानं मोजली जाते, त्यापुढची तिच्या आधारानं. अशी एका घराची चूक ऐंशी ओळी निमूट चालत राहते आणि मग एके दिवशी हंसाची मान आणि त्याचं डोकं एकमेकांना मिळत नाहीत.

याच्या उलट उदाहरण आपल्या शेजारीच आहे. धारवाड-हुबळीकडची कसुती, जिला आपण कर्नाटकी कशिदा म्हणून ओळखतो, तीही मोजूनच भरतात. इरकली साडीवर, काळ्या चंद्रकळेवर, छापा नाही, रेघ नाही, गाठ तर अजिबात नाही. तिचा गवंती टाका म्हणजे दुहेरी धावदोरा. धागा जाताना एक सोडून एक टाका घेत जातो आणि परत येताना मधल्या रिकाम्या जागा भरत पहिल्या टाक्यापाशी येऊन पोचतो. गोपुर असो, तुळशीवृंदावन असो, रथ असो, प्रत्येक आकृतीची रेघ फिरून मिटावी लागते. एक धागा जरी जास्त मोजला गेला तरी ती मिटत नाही आणि भरणारीला तिथल्या तिथे कळतं. चूक पकडण्याची सोय त्या टाक्यातच आहे. कसुतीत मेंथी नावाचा फुलीसारखा टाकाही आहे, पण तो बहुधा गवंती किंवा मुरगी टाक्यानं आखून झालेल्या आकृतीची पोटं भरायला येतो, म्हणजे त्याला हद्द आधीच मिळालेली असते. फुलीनंच सगळं चित्र उभं करायचं ठरवलं की ही हद्द आपल्याला बाहेरून द्यावी लागते. रेघांचं काम ते. रेघांमुळे माणूस मोजताना चुकायचा थांबत नाही. चूक दहा घरांच्या आत उघडी पडते, एवढंच त्या करतात आणि तेवढं पुरतं. दहा घरांची ओळ रेघेच्या एक घर अलीकडे संपली किंवा एक घर पलीकडे गेली तर ते डोळ्यांना न मोजता दिसतं. मग उसवायचे असतात ते चार-आठ टाके. त्यामागची ऐंशी ओळींची मेहनत वाचलेली असते.

उसवणं ही हलकी गोष्ट नाही, हे ज्यांनी केलं आहे त्यांना सांगायला नको. सुती कापडावर टोकदार सुईचे ठसे राहतात, गडद रंगाचा कोंडा फिकट कापडात अडकतो, आणि पुन्हा त्याच घरात भरलेला टाका पहिल्यासारखा बसत नाही. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात जेन बोस्टॉकनं भरलेला १५९८ सालचा एक नमुना-पट आहे. इंग्लंडमधला, तारीख असलेला हा सर्वांत जुना नमुना-पट मानतात. त्यातल्या काही आकृती भरून नंतर उसवल्या गेल्या आणि त्यांच्या खुणा चारशे वर्षांनंतरही कापडावर दिसतात.

नक्षी चौकटींवर मांडायची युक्ती मात्र त्याहून जुनी आहे. भरतकामाच्या नमुन्यांची छापील पुस्तकं युरोपात १५२० च्या दशकातच, जर्मनीतल्या ऑग्सबर्गमध्ये निघू लागली. १५८७ साली पॅरिसमध्ये फेदेरिको विंचोलो या व्हेनिसच्या नक्षीकाराचं पुस्तक आलं, त्यात जाळीवर मोजून भरायच्या आकृती चौकटींच्या आलेखावर दिल्या होत्या. पण आज आपण ज्याला चार्ट म्हणतो त्याचा खरा पूर्वज बर्लिनचा. १८०४ च्या सुमारास फिलिप्सन नावाच्या तिथल्या प्रकाशकानं चौकटीच्या कागदावर एकेक घर हातानं रंगवलेल्या नक्षी विकायला आणल्या. काही वर्षांत विटिश या प्रकाशकानं तो धंदा फार मोठा केला. लोकरीनं कॅनव्हासवर भरायचं हे ‘बर्लिन काम’ सगळ्या युरोपात आणि अमेरिकेत पसरलं, आणि त्याबरोबर चौकट मोजायचा त्रासही पसरला. त्यावर तेव्हाच्या कापड विणणाऱ्यांनी काढलेला तोडगा मला अतिशय आवडतो. जर्मनीत विणल्या जाणाऱ्या सुती कॅनव्हासात दर दहावा धागा पिवळा घालत. रेघ कापडात विणूनच यायची! हा तोडगा मागे का पडला तेही उघड आहे. विणलेला धागा काढता येत नाही, आणि फिकट रंगाच्या लोकरीखालून पिवळा रंग डोकावतो. आजच्या प्रत्येक पद्धतीची परीक्षा याच दोन प्रश्नांवर होते: रेघ काम संपेपर्यंत टिकते का, आणि काम संपल्यावर पूर्ण जाते का? एकाच वस्तूकडून या दोन उलट अपेक्षा असल्यामुळेच या विषयाला एवढी पानं लागतात.

आपल्याकडे फुलीचा टाका मुख्यतः मॅटीच्या कापडावर वाढला. शाळेतल्या शिवणाच्या तासाला मुली मॅटीच्या तुकड्यावर फुल्या भरत. रुखवतात मांडायचे उशांचे अभ्रे, टेबलावरचे रुमाल, टीव्हीवरचं झाकण, दारावरचं ‘सुस्वागतम्’चं तोरण, चौकटीत बसवलेला गणपती, हे सगळं मॅटीवरच व्हायचं. नमुने शेजारणीकडून यायचे आणि गणिताच्या चौकटीच्या वहीत रंगीत पेन्सिलींनी उतरवून घेतले जायचे. कापडावर रेघा मारण्याची चाल त्या पिढीत फारशी नव्हती, कारण कामं लहान होती किंवा एकच आकृती ओळीनं पुन्हा पुन्हा येणारी होती. आधीच्या फुलावरून पुढचं फूल मोजता यायचं. आज परिस्थिती वेगळी आहे. छायाचित्रावरून संगणकानं काढलेले, दोनशे घरं रुंद आणि तीनशे घरं उंच असे चार्ट लोक भरायला घेतात. त्यात एकाच रंगाच्या पाच फुल्या सलग मिळतील याचाही भरवसा नसतो. आधीच्या आकृतीवरून मोजायला तिथे आकृतीच नसते.

मॅटीबद्दल आणखी एक गोष्ट इथेच सांगते, कारण ती पुष्कळांच्या लक्षात येत नाही. मॅटीत धागे जोडीजोडीनं विणलेले असतात, त्यामुळे घरं डोळ्यांना दिसतात, पण उभ्या आणि आडव्या दिशेला इंचात सारखीच घरं बसतील अशी खात्री नसते. समजा एका दिशेला इंचात १४ घरं आहेत आणि दुसऱ्या दिशेला १३. चार्टावर १४० बाय १४० घरांचा चौरस असेल तर तो कापडावर एका बाजूनं १० इंच आणि दुसऱ्या बाजूनं जवळजवळ पावणेअकरा इंच होईल. चंद्र अंडाकृती होतो, गणपती उंच तरी होतो किंवा बसका. कापड आखून घेतलं की हे पहिल्या टाक्याआधी दिसतं. दहा बाय दहा घरांचा एक मोठा चौक पट्टीनं दोन्ही बाजूंनी मोजायचा. फरक असेल तर कापड नव्वद अंशांत फिरवून नक्षीला कोणती बाजू सोसेल ते ठरवायचं, किंवा ते कापड तोरणाच्या अक्षरांसाठी ठेवून द्यायचं.

मुद्दाम फुलीच्या टाक्यासाठी विणलेल्या आयडा कापडात ही अडचण नाही. जर्मनीतल्या झिंडेलफिंगन इथे १८७७ साली सुरू झालेल्या त्स्वायगार्टसारख्या गिरण्यांनी या कापडाला जे रूप दिलं, त्यात प्रत्येक घराच्या चार कोपऱ्यांवर स्पष्ट भोकं असतात आणि इंचातली घरं दोन्ही दिशांना सारखी असतात. आयडाचा नंबर म्हणजे इंचातली घरं: ११, १४, १६, १८. लिनन किंवा तसल्या एकसारख्या विणीच्या कापडावर बहुधा दोन धाग्यांवर एक फुली घेतात, म्हणून २८ नंबरचं लिनन १४ नंबरच्या आयडाइतकंच माप देतं. आखणीच्या दृष्टीनं मात्र दोघांत मोठा फरक आहे. लिननवर घरं नसतात, नुसते धागे असतात. तिथे दहा फुल्यांसाठी वीस धागे मोजावे लागतात आणि एखादा जाड धागा दोन धाग्यांसारखा भासतो. लिननवर काम करणाऱ्यांनी रेघांशिवाय मोठ्या कामाला हात घालू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

आता हिशेब. तो एकदा नीट बसला की पुढचं सोपं जातं, म्हणून एकच उदाहरण सावकाश घेते. नक्षी १४० घरं रुंद, २१० घरं उंच. कापड १४ नंबरचं. भरलेलं चित्र १० बाय १५ इंचांचं होईल. चौकटीत बसवायचं असेल तर चारी बाजूंना तीन-तीन इंच हवेत, म्हणजे कापड १६ बाय २१ इंच. फुल्या २९,४००. दर दहा घरांवर रेघ मारली तर उभ्या रेघा १५ आणि आडव्या २२ होतात, चौदा आणि एकवीस नव्हे. शेवटच्या घराच्या पलीकडची रेघही धरावी लागते. तशीच दहा घरांना अकरा भोकं असतात. आखणीतली निम्मी गडबड इथेच होते. कोणी घरं मोजतं, कोणी भोकं, आणि एकच बाई सकाळी एक आणि संध्याकाळी दुसरं मोजते. मी घरंच मोजायला सांगते. रेघ घरातून जात नाही, ती दोन घरांमधल्या भोकांच्या रांगेतून जाते. पेनची रेघही याच रांगेतून ओढायची.

सुरुवात कुठून करायची यावर बरेच मतभेद आहेत. कापडाची घडी घालून मध्य काढायचा आणि मध्यापासून भरत जायचं, ही जुनी शिकवण आहे आणि चित्र कापडाच्या मधोमध येण्यासाठी ती बरोबरही आहे. पण आखणी मध्यापासून दहा-दहा मोजत केली तर एक घोटाळा होतो. चार्टावरच्या ठळक रेघा डाव्या वरच्या कोपऱ्यापासून दर दहा घरांवर असतात. नक्षी ७५ घरं रुंद असेल तर तिचा मध्य अडतिसाव्या घरात पडतो. ठळक रेघा तिसाव्या आणि चाळिसाव्या घरानंतर येतात. मध्यापासून आखलेल्या रेघा मग चार्टावरच्या रेघांशी जुळत नाहीत, आणि न जुळणाऱ्या रेघा नसलेल्या रेघांपेक्षा वाईट, कारण आपण त्यांच्यावर विश्वास ठेवतो. म्हणून मध्य काढायचा, तिथून चार्ट पाहत वरच्या डाव्या कोपऱ्यापर्यंत मोजत जायचं, आणि आखणी त्या कोपऱ्यापासून करायची. चार्ट आणि कापड यांच्या रेघा एकच असल्या पाहिजेत. त्यावर तडजोड नको.

रेघ कशाची, हा पुढचा प्रश्न. धाग्याची की पेनची? मी धाग्याच्या बाजूची आहे, आणि कारणं मोकळेपणानं मांडते.

धाग्याची रेघ म्हणजे लांब धावदोरा. पाच घरं वरून, पाच घरं खालून असा घातला तर दहाच्या रेघेवर पाचाची खूणही आपोआप मिळते. वरच्या उदाहरणातल्या कामाला कडेनं दोन-दोन इंच जास्तीचा धागा धरून सुमारे पंधरा मीटर धागा लागतो. उभ्या रेघा एका रंगाच्या आणि आडव्या दुसऱ्या रंगाच्या ठेवल्या तर थकलेल्या डोळ्यांना मदत होते. धागा कोणता, याला मात्र फार महत्त्व आहे. सुती धागा टाळावा. भरताना सुई त्याच्या पोटातून जाते, फुली त्याला आरपार टोचून बसते, आणि शेवटी ओढायला गेलं की धागा तुटतो नाहीतर फुलीलाच ओढून आणतो. लाल किंवा काळा सुती धागा तर पांढऱ्या फुल्यांखाली बारीक तंतू सोडून जातो. मशीनचा पॉलिस्टर धागा गुळगुळीत असतो, तो सुटून येतो. त्याहून चांगला तंगूस, मासेमारीचा बारीक नायलॉन धागा. त्याला सुई टोचतच नाही, घसरून बाजूला जाते, त्यामुळे चित्र पूर्ण भरल्यावरही तो एका ओढीत निघतो. परदेशात याच कामासाठी रंगीत नायलॉनच्या लडी विकत मिळतात. आपल्याकडे मच्छीमारीच्या सामानाच्या दुकानात मिळणारा लाल किंवा हिरव्या छटेचा बारीक तंगूस तेच काम करतो. एक काळजी घ्यायची: तंगूस स्वतःहून जागेवर राहत नाही, घसरतो. दोन्ही टोकांना दोन इंच मोकळे सोडून त्यांवर चिकटपट्टी लावावी, किंवा शेजारच्या दोन रेघांची टोकं एकमेकांना गाठ मारून ठेवावीत.

पेनच्या रेघेचा फायदा वेळेचा. धाग्यानं आखायला एखादी संध्याकाळ जाते, पेननं तेच काम चहा निवायच्या आत होतं. बाजारात तीन तऱ्हेची पेनं मिळतात आणि त्यांचे स्वभाव अगदी वेगळे आहेत. पाण्यानं जाणारं निळं पेन त्यातल्या त्यात भरवशाचं, पण त्याचा एक नियम मोडला तर ते सगळं काम खराब करतं. धुण्याआधी इस्त्री लावायची नाही. उष्णतेनं ती शाई कापडात पक्की बसते आणि मग तपकिरी डाग म्हणून राहते. आधी साध्या थंड पाण्यात बुडवून रेघा पूर्ण जाऊ द्यायच्या, साबण त्यानंतर. आणि ज्या धाग्याचा रंग जातो, हातानं रंगवलेलं रेशीम किंवा काही गडद लाल, त्याच्या कामाला पाणीच लावायचं नसतं, म्हणून तिथे हे पेन बाद. जांभळं पेन हवेत आपोआप उडतं. एक-दोन दिवसांत रेघ गायब होते, दमट हवेत त्याहून लवकर. कोकणातल्या पावसाळ्यात सकाळी मारलेली रेघ संध्याकाळी शोधावी लागते. महिनोन्महिने चालणाऱ्या कामाला त्याचा उपयोग नाही.

तिसरं पेन उष्णतेनं जाणारं, जपानच्या पायलट कंपनीच्या फ्रिक्शनसारखं. त्याच्या शाईत तापमानावर रंग बदलणारं रसायन असतं. सुमारे ६० अंश सेल्सिअसला ते रंगहीन होतं. इस्त्री फिरवली की रेघा नाहीशा, म्हणून अनेकांना ते जादूसारखं वाटतं. पण शाई कापडातून गेलेली नसते, फक्त दिसेनाशी झालेली असते. शून्याखाली दहा अंशांच्या आसपास ती पुन्हा दिसायला लागते. ज्यांची लेक किंवा सून कॅनडात किंवा अमेरिकेच्या उत्तर भागात असते आणि ज्यांनी भरलेलं चित्र टपालानं किंवा सामानातून तिकडे जाणार असतं, त्यांनी हे पेन वापरण्याआधी दहा वेळा विचार करावा. इकडे उलटाच धोका आहे. विदर्भातल्या उन्हाळ्यात उन्हात उभ्या असलेल्या बंद मोटारीत, काचेजवळ ठेवलेल्या पिशवीतल्या कापडावरच्या रेघा घरी पोचेपर्यंत नाहीशा होऊ शकतात. हे पेन लिहिण्यासाठी बनलेलं आहे. कापडासाठी ते बनवलेलं नाही, हे ध्यानात ठेवून त्याच्याकडे पाहावं.

शिसपेन्सिल, बॉलपेन, शाळेतली स्केचपेनं यांच्यावर जास्त लिहीत नाही. पेन्सिलीची शिशाची भुकटी फिकट धाग्याला करडा रंग देते आणि बाकीची दोन सहसा पूर्ण जात नाहीत. कारखान्यातूनच रेघा छापून आलेलं आयडाही मिळतं. मोठ्या कामाला ते सोयीचं आहे, पण पाण्याच्या आणि इस्त्रीच्या बाबतीत त्याला निळ्या पेनचेच नियम लावावेत. काळ्या किंवा गडद निळ्या कापडावर मात्र धाग्याला पर्याय नाही. तिथे पांढरा तंगूस किंवा पांढरा पॉलिस्टर धागा घ्यावा आणि मांडीवर पांढरा टॉवेल पसरून त्यावर कापड धरावं, म्हणजे भोकं खालून उजळ दिसतात.

‘रेघा नवशिक्यांसाठी, मुरलेल्या हातांना त्यांची गरज नाही’ असं म्हणणारे लोक भेटतात, त्यांच्याशी मी सहमत नाही. दारात ठिपक्यांची रांगोळी काढणारी बाई आधी ठिपके घालते. त्यासाठी उदबत्तीनं भोकं पाडलेला कागद वापरते. पन्नास वर्षं रांगोळी काढणारी आजीसुद्धा तेच करते आणि तिला कोणी कच्ची म्हणत नाही. ठिपके असल्यामुळे तिचं लक्ष रेघेच्या वळणावर राहतं. आखलेल्या कापडावर भरणाऱ्याचंही तसंच होतं. मोजणीत अडकलेलं मन मोकळं होतं आणि टाक्याचा ताण, वरचा तिरका टाका सगळीकडे एकाच दिशेला पडतो का, दोन पदर एकमेकांशेजारी सपाट बसतात का, याकडे वळतं. कामाचा दर्जा वाढतो तो इथे. शिवाय मुरलेले हातच मोठी कामं घेतात, आणि मोठ्या कामालाच रेघा लागतात. दहाच्या चौकात एकेक रंग पूर्ण करून सुया पुढच्या चौकाच्या तोंडाशी अडकवून ठेवायची जी पद्धत आहे, तिच्यात एका वेळी वीस-तीस धागे कापडावर लटकत असतात. रेघांशिवाय ती पद्धत चालूच शकत नाही.

तरीही सगळीकडे रेघा माराव्यात असं माझं म्हणणं नाही. तीस बाय तीसच्या आतली आकृती, एकच फूल ओळीनं येणारी किनार, तोरणावरची अक्षरं यांना मध्याच्या दोन रेघा पुरतात. चौकटीची किनार मात्र फसवी असते. वरच्या उदाहरणातल्या नक्षीभोवतीची एकेरी किनार ६९६ फुल्यांची होते, आणि तीसुद्धा कसुतीच्या रेघेसारखी फिरून मिटावी लागते. पण ती मिटली नाही हे कळतं सगळ्या फुल्या भरून झाल्यावर. किनार असलेल्या कामाला, मग ते कितीही लहान असो, निदान चारी कडांवर दहा-दहाच्या खुणा कराव्यात.

रेघा काढायच्या केव्हा, हेही ठरलेलं असावं. धाग्याच्या रेघा मी एकदम शेवटी काढायला सांगत नाही. एक आडवी दहाची पट्टी पूर्ण झाली आणि पुन्हा मोजून पडताळली की तिच्या वरची रेघ काढावी, खालची राहू द्यावी. ओढताना अडकली तर जोर करू नये. मधे दोन-तीन ठिकाणी कात्रीच्या टोकानं कापून, बारीक चिमट्यानं तुकडे काढावेत. पेनच्या रेघांना ही सोय नाही, त्या सगळ्या एकदमच जातात, म्हणून धुण्याआधी सगळा चार्ट एकदा कापडाशी ताडून पाहावा. पाण्यातून काढल्यावर चूक दिसली तर ती शोधायला रेघा उरलेल्या नसतात.

डावखुऱ्या वाचकांसाठी एवढंच, की आखणी उजव्या हाताच्या लोकांसारखीच डाव्या वरच्या कोपऱ्यापासून करावी, कारण चार्ट तसाच आहे. भरायला सुरुवात कोणत्याही कोपऱ्यातून केली तरी चालते. ज्यांची नजर आता साथ देत नाही त्यांनी दहाऐवजी पाचाच्या रेघा घ्याव्यात आणि चार्टावरही रंगीत पेन्सिलीनं पाचाच्या रेघा ओढून घ्याव्यात.

पुस्तक वाचायला घेण्याआधी १४ नंबरच्या आयडाचा सहा इंचांचा चौरस तुकडा कापून घ्या. कडा सुटू नयेत म्हणून त्या दुमडून टाका. त्यावर पॉलिस्टर धाग्यानं पन्नास बाय पन्नास घरांची आखणी करा: सहा उभ्या रेघा, सहा आडव्या, पाच घरं वर आणि पाच खाली. बोथट टोकाची २४ नंबरची सुई पुरेल. त्याच तुकड्याच्या मोकळ्या कडेला तुमच्याजवळच्या प्रत्येक पेननं एकेक रेघ ओढा आणि शेजारी पेनचं नाव फुल्यांनी नव्हे तर साध्या धावदोऱ्यानं घाला, म्हणजे धुतल्यावर कोणती रेघ कोणाची ते कळेल. तुकडा आठवडाभर तसाच ठेवा, मग थंड पाण्यात बुडवा, वाळवा, इस्त्री करा आणि रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवून सकाळी पाहा. पहिल्या प्रकरणाला लागताना तो तुकडा शेजारी असू द्या.